सातपुड्यांतील निहाल आणि त्यांची भाषा

मलकापूरहून शेगांवकडे आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशाला उत्तरेच्या बाजूस क्षितिजाला लागून एक निळसर रेघ बराच वेळ सोबत करतांना दिसते. ती रेघ म्हणजे सातपुडा. रुळांपासून त्या डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, सपाट, कापसाची जमीन पसरलेली आहे. बुलढाणा जिल्ह्याचा हा उत्तरेकडील, घाटाखालचा भाग. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, घाटावर, लोणार आणि मेहकर हीं गांवें आहेत. आणि मराठीचा आद्य गद्यग्रंथ जें लीळाचरित्र, त्यांत श्रीचक्रधरांच्या संचाराच्या निमित्तानें या दोन्ही गांवांचा उल्लेख आलेला आहे. म्हणजे निदान तेराव्या शतकापासून या भूमींत मराठी नांदत आहे, व तिच्या नांदण्याला लेखी पुरावा आहे. अशा या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, त्या निळ्या रेघेच्या पोटांत, एक अशी भाषा बोलली जाते कीं तिचें मराठीशीं, कोरकूशीं, कानडीशीं किंवा जगांतील दुसऱ्या कोणत्याही भाषेशीं जन्माचें नातें अद्यापि निश्चित झालेलें नाहीं. ती भाषा निहाली होय, आणि ती बोलणारे लोक निहाल होत.

जळगांव तालुक्याच्या मुख्य गांवाला खानदेशांतील जळगांवापासून वेगळें ओळखतां यावें म्हणून जवळच्या जामोद गांवाचें नांव जोडून जळगांव-जामोद असें म्हणतात. अकबराच्या राज्यव्यवस्थेचें वर्णन करणाऱ्या ऐने-अकबरी ग्रंथांत हें जळगांव नरनाळा सरकारांतील एका परगण्याचें ठाणें म्हणून नोंदलेलें आहे. पुढें इंग्रजी अंमलांत हा तालुका अकोला जिल्ह्यांत होता. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हां खामगांव व जळगांव हे दोन तालुके बुलढाण्याला जोडले गेले. या तालुक्यांतील जामोद, सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा आणि त्याच्या पूर्वेस संग्रामपूर तालुक्यांतील वसाली यांसारख्या डोंगरकांठच्या वस्त्यांतून निहालांचीं घरें आहेत. साग, सालई, मोह, तेंदू आणि बिब्बा यांचें हें रान. त्याचा पूर्वेकडील कांहीं भाग १९९७ सालापासून अंबाबरवा अभयारण्य म्हणून राखला गेला असून तो मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाशीं संलग्न आहे. या वस्त्यांत एकाच दिवसांत तीन-चार भाषा कानांवर पडतात. बाजारांत व शाळेंत मराठी, कांहीं व्यवहारांत हिंदी, शेजाऱ्यापाशीं कोरकू, आणि स्वतःच्या घरांत निहाली. आपल्या या घरच्या बोलीस ते लोक 'कल्टो' असें म्हणतात. निहाल किंवा नाहल हें नांव मुख्यतः बाहेरच्या जगानें वापरलेलें.

जे लोक स्वतः लिहीत नाहींत, त्यांचा इतिहास दुसऱ्यांच्या दप्तरांत शोधावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें खंडशः प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हां महाराष्ट्रांतील वाड्यावाड्यांतून, मठांतून आणि देशमुख-देशपांड्यांच्या घरांतून कागदांचे रुमाल बाहेर पडूं लागले. परंतु कागद तेथेंच निर्माण होतो, जेथें वतन असतें, सारा असतो, तंटा असतो आणि निवाडा असतो. डोंगरांत राहणाऱ्या, ज्यांच्या नांवावर जमीन नाहीं आणि ज्यांच्याकडून सारा येत नाहीं, अशा लोकांचें नांव कागदावर चढण्याचा प्रसंग सहसा एकच असतो, आणि तो म्हणजे त्यांनीं कोणाला लुटल्याचा किंवा त्यांना कोणीं मारल्याचा. निहालांच्या बाबतींत नेमकें असेंच घडलेलें आहे.

नाहल या नांवाचा एक जुना उल्लेख संस्कृत कोशवाङ्मयांत सांपडतो. गुजराथेंतील प्रसिद्ध जैन पंडित हेमचंद्र यानें बाराव्या शतकांत रचलेल्या अभिधानचिंतामणि या कोशांत म्लेंच्छ जातींची जी नामावळी दिली आहे, तींत पुलिंद, शबर, भिल्ल, किरात यांच्या बरोबरीनें नाहल हें नांव आहे. यापलीकडे त्यांच्याविषयीं एक अक्षर नाहीं. ते कोठें राहत, काय खात, काय बोलत, याची कोशकाराला गरज नव्हती. नगरवासी आर्यांच्या पंक्तीबाहेरचे ते कोणी तरी, एवढें सांगितलें म्हणजे त्याचें काम झालें.

यानंतरचा उल्लेख अधिक स्पष्ट आणि अधिक भीषण आहे. असीरगडापासून गाविलगडापर्यंतचा सातपुड्याचा पट्टा हा खानदेश, निमाड आणि वऱ्हाड या तीन समृद्ध प्रदेशांच्या मधोमध पडतो. बऱ्हाणपूरची श्रीमंत पेठ त्याच्या पायथ्याशीं, आणि दक्षिणेंत उतरणारे लमाणांचे तांडे, सरकारी खजिने व फौजा यांना त्यांतील खिंडी टाळतां येत नसत. १६०१ सालीं असीरगड अकबराच्या हातीं पडला आणि या वाटांवर मोगलांचा अंमल बसला. तेव्हां या डोंगरांत राहणारे लोक राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें आपोआपच वाटमारे ठरले. आणि त्यांच्यापैकीं कित्येक वाटमारी करीतही असत, हें नाकारण्याचें कारण नाहीं. निमाड जिल्ह्याची जमाबंदी करणारा इंग्रज अधिकारी कॅप्टन फॉर्सिथ यानें नोंदून ठेविलें आहे कीं, जुन्या कागदपत्रांत डोंगरी लुटारू अशा सर्वसाधारण अर्थानें नाहल, भिल्ल आणि कोळी हीं तीन नांवें एका दमांत घेतलीं जात. आणि त्यानेंच पुढें अशी हकीकत दिली आहे कीं, निमाडांतील जीतगड व मोहकोट येथील राजाच्या वंशावळींत एका कत्तलीचा विस्तृत वृत्तान्त आहे. त्या राजाच्या पूर्वजानें अकबराच्या कारकीर्दींत नाहलांची एक सबंध जमात विश्वासघातानें कापून काढली, आणि या कामगिरीबद्दल त्याला जीतगड जहागिरींत मिळालें.

या हकीकतीचें खरें महत्त्व मृतांच्या संख्येंत शोधूं नये. ती संख्या कोठेंच दिलेली नाहीं. तिचें महत्त्व ती ज्या ठिकाणीं लिहिली गेली त्यांत आहे. वंशावळ हा घराण्याच्या कीर्तीचा लेख असतो. त्यांत दानें, लग्नें, विजय आणि सनदा यांच्या मालिकेंत ही कत्तल एक पराक्रम म्हणून बसविलेली आहे. मारणाऱ्याजवळ भाट होता, लेखणी होती आणि सनद होती. मरणाऱ्यांच्या बाजूनें या प्रसंगाचा एकही शब्द उरलेला नाहीं. जे वांचले ते अधिक आडरानांत शिरले असतील किंवा बलवान शेजाऱ्यांच्या आश्रयाला गेले असतील, असें अनुमान पुढील परिस्थितीवरून करतां येतें; कारण एकोणिसाव्या शतकांत जेव्हां इंग्रज अधिकाऱ्यांनीं डोंगरी जातींच्या याद्या करावयास घेतल्या, तेव्हां पूर्वीं पुंड म्हणून ज्यांचा धाक होता ते नाहल त्यांना ठिकठिकाणीं कोरकूंच्या पदरीं राबणारे मजूर म्हणून आढळले.

या मधल्या काळांत मैदानावर सत्ता वारंवार बदलली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं सातपुड्याच्या पायथ्याजवळ अडगांवची लढाई झाली, पंधरवड्यानें गाविलगड पडला, आणि देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. तो निजामाकडे गेला. १८५३ सालीं निजामाकडून तो इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला. बुलढाणा हें जिल्ह्याचें ठाणें झालें. 'भिल्लठाणा' या शब्दापासून बुलढाणा हें नांव झालें, असें लोक सांगतात; ती व्युत्पत्ति खरी धरली तर अरण्यवासी लोकांची आठवण या जिल्ह्याच्या नांवांतच गोठून राहिली आहे, असें म्हणावें लागेल. मैदानांत लोहमार्ग आला, खामगांवची कापसाची पेठ नांवारूपाला आली. डोंगरांत मात्र या सर्वांहून वेगळी अशी एक गोष्ट घडली: जंगल सरकारचें झालें. राखीव जंगलांची आंखणी झाली आणि मोहाचीं फुलें, डिंक, मध, बांबू, चराई व फिरती शेती यांवर परवान्याचें आणि बंदीचें राज्य सुरू झालें. ज्या रानानें निहालांना पूर्वीं लपविलें होतें, त्याच रानांत ते आतां परक्यासारखे ठरले.

रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत नाहलांना एक छोटें प्रकरण मिळालें आहे. १९११ च्या शिरगणतींत त्यांची संख्या सुमारें १२,००० भरली. त्यांपैकीं सुमारें ८,००० हुशंगाबाद, निमाड व बैतूल या जिल्ह्यांत आणि जवळजवळ ४,००० वऱ्हाडांत होते. ही जमात बहुधा भिल्ल व कोरकू यांच्या मिश्रणानें झाली असावी, असें त्या ग्रंथाचें मत आहे. हा संपूर्ण आंकडा निहाली बोलणारांचा मात्र नव्हे. पुष्कळ ठिकाणच्या निहालांनीं तोंपर्यंत कोरकू, हिंदी किंवा मराठी आपलीशी केली होती. जुनी बोली सर्वांत चांगली टिकली ती जळगांव-जामोदच्या या अरुंद पट्ट्यांत. असो. 'मिश्रण' हा शब्द मात्र येथें लक्ष्यांत ठेवण्यासारखा आहे. निहालांच्या माणसांविषयीं जें म्हटलें गेलें, तेंच त्यांच्या भाषेविषयींही म्हटलें जाऊं लागलें होतें.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी झाली, तिचा मुंडा व द्राविड भाषांविषयींचा चवथा खंड १९०६ सालीं निघाला. तो नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनीं सिद्ध केला होता. त्यांच्यापुढें निमाडकडून आलेला नाहलीचा थोडासा मासला होता. त्यावरून त्यांनीं असें मत दिलें कीं, ही बोली मुळांत कोरकूसारखी मुंडा भाषा असावी, तिच्यावर मागाहून द्राविडी भाषांचा संस्कार झाला असावा, आणि आतां ती आर्यभाषांच्या प्रवाहांत विरून जाण्याच्या मार्गावर असावी. अशा रीतीनें कोरकूच्या परिवारांत नाहलीला एक कोपरा मिळाला.

हें मत समजण्यासाठीं कोरकूविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मेळघाटांत आणि सातपुड्याच्या उत्तर अंगास बोलली जाणारी कोरकू ही मुंडा शाखेंतील सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे. तिच्या बहिणी संथाळी, मुंडारी आणि हो या छोटानागपूरकडे, आणि दूरचीं नातलगें आसामच्या शेजारच्या खासी टेंकड्यांत, ब्रह्मदेशांतील मोन लोकांत आणि कंबोडियांत आहेत. कोरकूंत पाण्याला 'दा', हाताला 'ती' आणि डोळ्याला 'मेद' म्हणतात. संथाळींतही याच ठेवणीचे शब्द आहेत. शेंकडों मैलांचें अंतर मध्यें पडूनही पाणी, हात, डोळा यांसारखे शब्द टिकून राहतात. माणूस नवें हत्यार घेतो, नवा देव घेतो, नवें धान्य घेतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं नांवेंही घेतो. परंतु स्वतःच्या डोळ्याचें आणि घरांतल्या पाण्याचें नांव तो सहसा शेजाऱ्याकडून उसनें घेत नाहीं. भाषांचें नातें ठरवितांना शास्त्रज्ञ अशा शब्दांना विशेष मान देतात, त्याचें कारण हेंच.

आतां निहालीची झडती याच कसोटीनें घ्यावी. निहालींत डोळ्याला 'जिकी' म्हणतात, कानाला 'चिगम', डोक्याला 'पेंग', हाताला 'बक्को'. पाण्याला 'जोप्पो' आणि विस्तवाला 'आपो'. दगडाला 'चागो', झाडाला 'अड्डो'. यांपैकीं एकाही शब्दाला कोरकूंत, मराठींत किंवा दक्षिणेच्या भाषांत उघड जोडीदार सांपडत नाहीं. 'मी' या अर्थीं निहाल 'जो' असें म्हणतो. हें सर्वनामही कोरकूचें नाहीं. मात्र 'तूं' या अर्थाचें 'ने' कानडी-तामिळांतील 'नी'ची आठवण करून देतें, आणि कुत्र्याला असलेला 'नाय' हा शब्द तर तामिळ माणसाला भाषांतरावांचून कळेल. संख्यावाचकांत याहून मोठें नवल आहे. 'एक' याला निहालींत 'बिडी' किंवा 'बिडुम' म्हणतात. हा शब्द तिचा स्वतःचा. पुढें 'दोन'साठीं 'इर', 'तीन'साठीं 'मोथ' आणि 'चार'साठीं 'नालो'; हे तिन्ही द्राविडी धाटणीचे. आणि 'पांच' म्हटलें कीं लगेच 'पाचो', म्हणजे आपल्या शेजारची आर्यभाषा! पांचापर्यंत मोजण्याच्या अवधींत निहालाच्या तोंडून तीन वेगवेगळ्या काळांचा शेजार बोलून जातो. तसेंच शेतीचे, गांवगाड्याचे व नात्यागोत्याचे कितीतरी शब्द त्यानें कोरकूपासून घेतलेले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ कड्याच्या उभ्या छेदांत मुरूम, चिकणमाती आणि काळा पत्थर यांचे थर पाहून भूमीचें वय वाचतो, त्याप्रमाणें या बोलींत शेजाराचे थर एकावर एक बसलेले वाचतां येतात.

हे थर मोजण्याचें श्रेय हॉलंडांतील लायडन येथील संस्कृतज्ञ प्राध्यापक कायपर यांना आहे. तत्पूर्वीं, १९४० च्या सुमारास, रॉबर्ट शेफर या अमेरिकन अभ्यासकानें या बोलीचा तळ मुंडाहून निराळा असावा, असें सुचविलें होतें. आणि १९५७ सालीं सुधिभूषण भट्टाचार्य यांनीं निमाडकडील निहालांत प्रत्यक्ष जाऊन जमविलेलीं टिपणें प्रसिद्ध केलीं होतीं. त्या सामग्रीच्या आधारें कायपर यांनीं १९६२ सालीं नाहलीवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. त्यांच्या हिशेबाप्रमाणें उपलब्ध शब्दांपैकीं एक-तृतीयांशाहून कांहीं अधिक शब्द मुंडा वर्गाचे, सुमारें एक-दशांश द्राविडी, पुष्कळसे आर्यभाषांतले, आणि सुमारें एक-चतुर्थांश असे कीं ज्यांना हिंदुस्थानांत कोणी सोयराच नाहीं. हा जो चतुर्थांश उरतो, त्यांतच वर सांगितलेले डोळा, कान, पाणी आणि विस्तव हे शब्द पडतात. मिश्रण होण्यासाठीं मिसळणारी एक तरी मूळ वस्तु असावी लागते; ती वस्तु हीच असावी, असें मानण्याकडे पुढील बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. म्हणूनच आज निहालीची गणना एकाकी भाषांत, म्हणजे ज्यांचें कूळ दुसऱ्या कोणत्याही ज्ञात कुळाशीं जुळत नाहीं अशा भाषांत, करण्यांत येते. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क आणि गिलगिटच्या पलीकडे हुंझाच्या खोऱ्यांतील बुरुशास्की या तिच्या पंक्तीच्या भाषा. त्यांच्यांत परस्पर नातें नाहीं. सर्वांचें एकटेपण एवढेंच सारखें.

परंतु कायपर यांनींच एक शंकाही उपस्थित केली होती, आणि ती टाळून पुढें जातां येत नाहीं. हे सोयरे नसलेले शब्द खरोखर प्राचीन आहेत, कीं वाटमारी करणाऱ्या लोकांनीं परक्यांना कळूं नये म्हणून मुद्दाम बनविलेली ती सांकेतिक बोली आहे? आपल्याकडे सांकेतिक भाषा अपरिचित नाहींत. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवितात, आणि कित्येक भटक्या जातींत चारचौघांत बोलावयाचे शब्द वेगळे असतात. तथापि सांकेतिक बोलीचा स्वभाव असा असतो कीं, ती नामें व क्रियापदें बदलते, पण व्याकरणाचा सांगाडा मूळ भाषेचाच ठेवते. निहालीचीं सर्वनामें आणि प्रत्यय यांचा सांगाडा सर्वस्वीं कोरकूचा नाहीं, मराठीचाही नाहीं. शिवाय संकेत हा बाजारासाठीं असतो. घरांत आई मुलाला पाणी देतांना संकेत वापरीत नाहीं. कांहीं शब्द गुप्ततेच्या गरजेनें आले असतील, हें शक्य आहे. पण सगळी भाषाच चोरबोली ठरविणें म्हणजे जुन्या दप्तरांतील 'लुटारू' हा शिक्का माणसांवरून काढून त्यांच्या शब्दांवर मारण्यासारखें आहे.

पुढचें काम बरेंचसें महाराष्ट्रांतूनच झालें, ही समाधानाची गोष्ट होय. पुण्याच्या भाषाशास्त्रज्ञ आशा मुंडले यांनीं जामोदच्या बाजूस राहून निहालीचा शब्दसंग्रह जमविला, आणि तो १९९६ सालीं 'मदर टंग' या नियतकालिकाच्या निहालीसाठीं काढलेल्या अंकांत प्रसिद्ध झाला. या भाषेचे लोक कोण व ते बोलतात काय, हा प्रश्न त्यांनीं दूरच्या ग्रंथालयांत न सोडवितां प्रत्यक्ष वस्तींत विचारला. डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांनीं लिहिलेलें निहालीचें व्याकरण, कथा आणि शब्दकोश असें पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनें २०१४ सालीं प्रकाशित केलें. त्याच महाविद्यालयाचे शैलेंद्र मोहन यांनीं या बोलीचें ध्वनिमुद्रण व दस्तऐवजीकरण हातीं घेतलें. अशा रीतीनें ज्या लोकांचा शतकानुशतकें एकही शब्द कागदावर आला नव्हता, त्यांच्या कथा त्यांच्याच शब्दांत प्रथमच छापल्या गेल्या.

असें असूनही या भाषेचें भवितव्य निर्वेध आहे, असें म्हणवत नाहीं. ती बोलणारे लोक आज अवघे दोन-अडीच हजारांच्या घरांत आहेत. एवढ्या लहान समूहाला पुसून टाकण्यासाठीं आतां कत्तलीची जरुरी उरलेली नाहीं; नोंदवहीतला एक रकाना तेवढें काम करूं शकतो. भारताच्या जनगणनेंत १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांचे आंकडे स्वतंत्रपणें प्रसिद्ध होत नाहींत. त्या 'इतर' या एका शब्दांत सामावतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींतही निहाल हें नांव स्वतंत्र नाहीं. कोरकू, बोपची, मवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया अशी एकच नोंद आहे. या नोंदीमुळें निहालांना कायद्याच्या सवलती मिळतात, आणि तो लाभ लहान नाहीं. पण शिरगणतीच्या वेळीं ते कोरकू होतात. म्हणजे एकोणिसाव्या शतकांत ज्यांच्या घरीं ते राबत, त्यांच्याच नांवाखालीं ते आज मोजले जातात. शाळेंत जाणाऱ्या निहाल मुलाची परिस्थिति याहून वेगळी नाहीं. त्याला मराठी शिकावी लागते, व ती त्यानें शिकावीच. पोटाचा आणि न्यायाचा मार्ग तिच्यांतूनच जातो. दुःख एवढेंच कीं, चार भाषा जाणणाऱ्या त्या मुलाला पुष्कळदां 'याला भाषा येत नाहीं' असें म्हटलें जातें. शहरांतील सुशिक्षित घरांत तीन भाषा येणाऱ्या मुलाचें कौतुक होतें, आणि डोंगरांतून उतरलेल्या मुलाच्या चार भाषा दोष म्हणून मोजल्या जातात.

हें सर्व अटळ आहे काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं एका दूरच्या प्रदेशाकडे पाहणें उपयोगाचें होईल. पोलंडच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या अलीकडे, जंगलांनीं आणि सरोवरांनीं भरलेला असा एक ग्रामीण मुलूख आहे. तेथें काशुबियन नांवाचे लोक राहतात. त्यांची भाषा पोलिश भाषेच्या जवळची असल्यामुळें ती पोलिशचीच एक गांवढळ बोली आहे, असें दीर्घकाळ मानलें गेलें. जर्मन अंमलांत जर्मन आणि नंतर पोलिश अशा दोन बलवान भाषांच्या कैचींत ती सांपडली. तरीही एकोणिसाव्या शतकापासून तिच्या कांहीं अभिमानी पुत्रांनीं तिच्यांत लिहावयाचें सोडलें नाहीं. शेवटीं २००५ सालच्या कायद्यानें पोलंडनें काशुबियनला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. ती शाळांतून शिकविली जाते, गांवांच्या नांवांच्या पाट्या दोन भाषांत लागल्या, आणि २०११ च्या जनगणनेंत लाखाहून अधिक लोकांनीं आपण घरीं काशुबियन बोलतों असें नोंदविलें. काशुबियन व निहाली यांची बरोबरी सर्वस्वीं होऊं शकत नाहीं. तेथें लाख आहेत, येथें दोन-अडीच हजार. तेथें छापील ग्रंथ व चर्च यांचा आधार होता, येथें लिपि आहे तीही देवनागरी, म्हणजे शेजाऱ्याची. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखी लागू पडते. घरांत बोलली जाणारी भाषा सरकारच्या नोंदींत स्वतःच्या नांवानें आली म्हणजे ती बोलणाऱ्याच्या मनांतली लाज जाते, आणि लाज गेली म्हणजे ती मुलांपर्यंत पोंचते.

दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषांचें जतन करण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१३ सालीं एक योजना म्हैसूरच्या संस्थेमार्फत सुरू केली, हा योग्य दिशेचा आरंभ होय. तथापि ध्वनिमुद्रणांत जपलेली भाषा आणि जिभेवर जगणारी भाषा यांत फार अंतर असतें. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतील मुलाला गुरुजींनीं त्याच्या शब्दांत पाण्याचें नांव विचारावें आणि मग त्याला मराठींतील नांव सांगावें, याला फारसा खर्च लागत नाहीं. शिरगणतीच्या कारकुनानें मातृभाषेच्या रकान्यांत निहालनें सांगितलेलेंच नांव लिहावें, यालाही खर्च लागत नाहीं.

वऱ्हाडचा इतिहास वाकाटकांच्या ताम्रपटांतून, महानुभावांच्या पोथ्यांतून, नरनाळ्याच्या शिलालेखांतून आणि भोसल्यांच्या दप्तरांतून वाचला जातो, व तसा तो वाचलाच पाहिजे. पण ताम्रपट खोदले जाण्याच्या आधींही या डोंगरांत माणसें राहत होतीं, विस्तव पेटवीत होतीं आणि झऱ्याचें पाणी पीत होतीं. त्यांनीं विस्तवाला काय म्हटलें, पाण्याला काय म्हटलें, याचा मागमूस कोणत्याही पोथींत नाहीं. 'आपो' आणि 'जोप्पो' हे शब्द त्या काळाचे असतील, तर जामोदच्या रानांतील ही बोली हें वऱ्हाडचें सर्वांत जुनें दप्तर होय. तें कोणत्याही वाड्याच्या माळ्यावर ठेवलेलें नाहीं. दोन-अडीच हजार माणसांच्या तोंडीं आहे, आणि प्रत्येक पिढीनें पुढच्या पिढीच्या स्वाधीन केलें तरच तें राहणार आहे.